हातापायांना मुंग्या का येतात?

कीर्तनात तासभर मांडी घालून बसलेला माणूस उठताना एकदम लंगडतो, शेजाऱ्याचा खांदा धरतो आणि ओशाळून म्हणतो, “पायाला मुंग्या आल्या.” आजूबाजूचे हसतात, दोन मिनिटांत पाय ठिकाणावर येतो आणि गोष्ट तिथेच संपते. परंतु हाच प्रकार सायकल चालवताना घडू लागला म्हणजे हसू येत नाही. करंगळी आपली वाटेनाशी होते. ब्रेक पुरता दाबला गेला की नाही, हे बोटांना कळत नाही. पाऊल पेडलच्या मध्यावर आहे की काठावर, हे खाली वाकून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही; आणि समोरून ट्रक येत असताना खाली पाहण्याची चैन परवडणारी नसते.

आमच्या सुलतानपूरला ही तक्रार परकी नाही. लोणार सरोवर पाहायला जाणाऱ्यांना आमचे गाव माहीत असते, कारण लोणार येथून सुमारे १२ किलोमीटरवर आहे. मेहकरही सायकलच्या टप्प्यातले. आता मोटारसायकली घरोघर आल्या हे खरे; तरीपण पहाटे कॅन लावून निघणारे दूधवाले, शाळेला जाणाऱ्या मुली, शेतावर जाणारे मजूर आणि एस. टी. च्या वेळापत्रकाशी ज्यांचे कधीच जमले नाही असे आमच्यासारखे विद्यार्थी यांची सायकल सुटलेली नाही. यांच्यापैकी कोणालाही विचारावे. हाताला नाहीतर पायाला मुंग्या येतात, असे सांगणारे बरेच भेटतात. कारण विचारले तर मात्र उत्तरे निरनिराळी. कोणी म्हणतो अशक्तपणा, कोणी म्हणतो वात, कोणी म्हणतो रक्त पोचत नाही. आणि काहीजण काहीच बोलत नाहीत. हात हळूच मागे घेतात. खरे म्हणजे या शेवटच्या मंडळींमुळेच मला हा लेख लिहावासा वाटला. त्यांच्याकडे मी शेवटी येईन.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. वैद्यकाच्या प्रांतात मला अधिकार नाही. तेव्हा पुस्तकांतून जे वाचले, डॉक्टरांकडून जे ऐकले आणि सायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी पाना हातात घेऊन जे दाखवले, तेवढेच येथे मांडतो. भाषेचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट मात्र आधी सांगण्याचा मोह आवरत नाही. हात ‘बधिर’ झाला असे आपण म्हणतो. ‘बधिर’ हा संस्कृत शब्द आणि त्याचेच घरगुती रूप म्हणजे आपला ‘बहिरा’. ज्या कोणी कानाचा हा शब्द बोटांना लावला, त्याने मोठी नेमकी गोष्ट सांगितली. बधिर बोट मेलेले नसते. त्याच्याशी चाललेले बोलणे मध्येच कुठेतरी तुटलेले असते.

नस दबते म्हणजे काय?

स्पर्श बोटाला होतो, पण तो कळतो मेंदूला. बोटापासून मेंदूपर्यंत हा निरोप नेणाऱ्या ज्या तारा आहेत, त्यांना मज्जातंतू म्हणतात. आपण बोलताना त्यांना ‘नस’ म्हणतो आणि रक्तवाहिनीलाही ‘नस’च म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. ‘रक्त पोचत नाही’ हे उत्तर अगदी खोटे नाही, पण अर्धे आहे. रक्त कोणाला पोचत नाही, हा खरा प्रश्न.

सर थॉमस लुइस या ब्रिटिश डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१ साली या प्रश्नावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. रक्तदाब मोजताना बांधतात तसा पट्टा दंडावर आवळून त्यांनी हाताचा रक्तपुरवठा थांबवला आणि संवेदना कशी जाते ते पाहिले. काही मिनिटांनी ती बोटांच्या टोकांपासून जाऊ लागली आणि बधिरपणा हळूहळू वर सरकत गेला. यातून त्यांनी असे दाखवून दिले की, पट्ट्याखाली दबलेल्या मज्जातंतूचेच रक्त तुटले म्हणून निरोप थांबतो. मज्जातंतू ही नुसती तार नाही, तिलाही पोटापाण्यासाठी रक्त लागते. अगदी बारीक रक्तवाहिन्या तिच्या अंगावरून जातात. दाब आला की त्या आधी मिटतात, तार उपाशी पडते आणि मुकी होते.

दाब निघाला की रक्त परत येते. पण जागी होणारी तार पहिल्या क्षणी नीट बोलत नाही. तिच्यातून आपोआपच भलतेसलते निरोप सुटू लागतात. त्या गोंधळालाच आपण मुंग्या म्हणतो. म्हणून बसलेल्या माणसापेक्षा उठलेल्या माणसाला मुंग्या अधिक येतात.

दाब थोडा वेळ असला तर हे सर्व काही मिनिटांत मिटते. तोच दाब रोज तासन्‌तास, महिनोन्‌महिने पडत राहिला तर मज्जातंतूवरचे आवरण झिजते आणि मग बरे व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. आतला धागाच तुटला तर तो पुन्हा वाढतो खरा. पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर एवढ्याच गतीने. मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून पाहा, म्हणजे दुर्लक्ष किती महाग पडते ते कळेल.

कोणते बोट?

हाताला मुंग्या येतात असे म्हणून भागत नाही. कोणत्या बोटाला, हे सांगितले पाहिजे. हाताच्या पंजात येणाऱ्या मज्जातंतूंनी बोटे जणू वाटून घेतली आहेत. करंगळी आणि तिच्या शेजारच्या अनामिकेचा करंगळीकडचा अर्धा भाग हा ‘अल्नर’ नावाच्या मज्जातंतूचा मुलूख. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग हा ‘मीडियन’चा. एकाच अनामिकेवर दोघांची सत्ता आहे, हे ऐकून मला प्रथम गंमत वाटली. पण डॉक्टर मंडळी या सीमारेषेवरूनच दुखणे कुठले ते ओळखतात.

अल्नर मज्जातंतू कोपराच्या मागून येतो. कोपर टेबलाच्या कडेला आपटले की झिणझिण्या थेट करंगळीपर्यंत जातात, तो हाच. पुढे तो मनगटापाशी करंगळीच्या बाजूने एका अरुंद वाटेतून तळहातात शिरतो. फेलिक्स गुयों या फ्रेंच शस्त्रवैद्याने १८६१ साली या वाटेचे वर्णन केले. तिला आजही त्याचेच नाव आहे. आता सायकलची मूठ धरून पाहा. शरीराचा भार तळहाताच्या ज्या उंचवट्यावर येतो, त्याच्या खालीच ही वाट आहे. वर कातडी आणि थोडे मांस, खाली हाड, मध्ये बिचारा मज्जातंतू. युरोपात सायकलचे वेड ऐन भरात असताना, १८९६ साली, देस्तो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी सायकलमुळे येणाऱ्या या मज्जातंतूच्या दुखण्यावर लिहिले. म्हणजे आपली ही तक्रार सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

या मज्जातंतूची तळहातात खोल जाणारी एक फांदी केवळ बोटे हलवण्याचे काम पाहते. तिला स्पर्शाशी कर्तव्य नाही. तीच दबली तर बोट बधिर होत नाही, पण बोटे एकमेकांना चिकटवून धरता येत नाहीत, किल्ली फिरवताना जोर लागत नाही, शर्टाचे बटण लावताना हात अडखळतो. ‘मुंग्या येत नाहीत ना, मग झाले,’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल तर दाब मनगटाच्या मध्यावर, मीडियनवर आहे असे समजावे. मूठ धरताना मनगट मागे मोडलेले राहिले की असे होते. हे दुखणे शिवणकाम करणाऱ्या आणि फार विणकाम करणाऱ्या स्त्रियांतही दिसते आणि त्याचा त्रास रात्री झोपेत अधिक होतो.

हे कितीजणांना होते? अमेरिकेत ६०० किलोमीटरच्या एका सायकलप्रवासातील २५ स्वारांची प्रवासाआधी आणि प्रवासानंतर तपासणी करण्यात आली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत २५ पैकी २३ जणांच्या हातांत बधिरपणा, अशक्तपणा किंवा दोन्ही आढळले. तेव्हा मुंग्या आल्या म्हणजे आपण नाजूक, असे वाटून घेण्याचे कारण नाही.

पायाचे गणित

पायाचा प्रकार थोडा निराळा. पावलाच्या पुढच्या भागात बोटांकडे जाणारी पाच लांबट हाडे असतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून बोटांचे मज्जातंतू जातात. पेडलवर जोर आपण नेमका याच भागाने देतो. जोडा अरुंद असला, बंद करकचून बांधलेले असले तर ही हाडे एकमेकांजवळ येतात आणि मज्जातंतू त्यांच्या कैचीत सापडतो. उन्हात पाऊल सुजते, हे लक्षात घेतले म्हणजे सकाळी बरोबर बसणारा जोडा दुपारी का आवळतो ते समजते.

पण आपल्याकडे जोडे घालून सायकल चालवणारे थोडे. आपण चपलेचे लोक. चपलेचा तळ पातळ आणि मऊ. त्यामुळे पेडलचा दाब सर्व पावलावर न पसरता एकाच पट्टीवर येतो. त्यात पेडलचे रबर झिजून गेलेले असले म्हणजे खाली उरतात दोन लोखंडी गज. गावात फिरून उभ्या असलेल्या सायकलींची पेडले पाहावीत; किती पेडलांवर रबर पुरते शिल्लक आहे ते मोजावे. पायाच्या मुंग्यांचे अर्धे कारण तिथेच सापडेल. शिवाय चप्पल निसटू नये म्हणून आपण अंगठा आणि शेजारचे बोट सारखे आवळून धरतो. तासभर बोटे आवळून धरली तर ती कुरकुरणारच.

सीट फार उंच असली की खालच्या टप्प्यावर पाय पोचत नाही. मग आपण चवड्याने पेडल शोधतो आणि सगळा भार बोटांच्या मुळाशी येतो. मोठ्या भावाची चोवीस इंची सायकल चालवणाऱ्या धाकट्याची हीच गत. त्याची कंबर सीटवर डावी-उजवीकडे डुलताना दिसली म्हणजे सीट उंच आहे हे ओळखावे.

आणखी एका जागेच्या बधिरपणाविषयी लाजेखातर कोणी बोलत नाही. सीटचे टोक वर उचललेले असेल किंवा मधला भाग दबून खड्डा झालेला असेल, तर भार बसण्याच्या दोन हाडांवर न पडता त्यांच्या मधल्या नाजूक भागावर पडतो. तिथेही मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या आहेत. त्या भागाला बधिरपणा येऊ लागला तर तो मुळीच अंगावर काढू नये; सायकलवरून उतरावे, सीट बदलावी आणि तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

मिस्त्रींच्या पान्याने होणारे उपाय

यातले बरेच दुखणे औषधाच्या दुकानात न जाता सायकलच्या दुकानात बरे होते. उपाय थोडक्यात असे :

(१) सीटची उंची. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल अगदी खाली असताना गुडघा सरळ व्हावा. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. ही खूण कोणालाही जमते.

(२) सीटचा कल. सीट जमिनीशी सपाट असावी. टोक खाली झुकलेले असेल तर शरीर पुढे घसरते आणि त्याला मागे रेटण्याचे काम हातांना सतत करावे लागते. पुष्कळदा हाताच्या मुंग्यांचे मूळ सीटच्या एका ढिल्या नटात असते.

(३) हँडल. जुन्या काळ्या सायकलीचे हँडल मागे वळलेले. त्यावर माणूस ताठ बसतो आणि हातावर भार कमी येतो. आता मुलांना आवडणाऱ्या सरळ दांडीच्या, जाड टायरच्या सायकलींवर पुढे वाकावे लागते आणि हातावरचा भार वाढतो. अशा सायकलीचे हँडल जमेल तेवढे वर घ्यावे.

(४) पकड. कोपरे किंचित वाकलेली आणि मनगट सरळ रेषेत असावे. मूठ आवळून धरू नये. दर पाच-दहा मिनिटांनी हाताची जागा बदलावी आणि रस्ता मोकळा असेल तेव्हा एकेक हात सोडून बोटे हलवावीत. मुठीवरचे रबर झिजले असेल तर बदलावे. नाहीतर जुन्या सुती कापडाची पट्टी नीट गुंडाळावी. गादीचे हातमोजे मिळतात, त्यांनी दाब कमी होतो. परंतु सीट चुकीची असेल तर नुसत्या मोज्यांनी भागत नाही.

(५) पाऊल. पेडलचे रबर नवे बसवावे. तळ थोडा कडक असलेले आणि बोटांना मोकळे वाटणारे पायताण वापरावे. पाऊल पेडलवर अर्धा इंच पुढे सरकवले की चवड्यावरचा दाब मागे सरकतो आणि बोटांना आराम मिळतो.

(६) हवा आणि ओझे. टायर दगडासारखे टणक भरले की खडीच्या रस्त्यावरचा प्रत्येक हादरा मनगटात येतो. हवा बेताची असावी. दप्तर, पिशवी, कॅन हँडलला अडकवू नये. मागे कॅरिअरवर बांधावे. हँडलवरचे ओझे सावरण्यासाठी मूठ नकळत आवळली जाते.

एवढे केल्यावर लांब पल्ल्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पुरी केली. त्याआधी २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी तीच शर्यत जोडीने पुरी केली होती. हे तिघेही डॉक्टर, ही गोष्ट मला बोलकी वाटते. आपल्या लोणारच्या बारा किलोमीटरांनी हात गमवावा, असे त्यात काही नाही.

प्रत्येक बधिरपण सायकलचे नसते

आता ज्यांचा उल्लेख सुरुवातीला केला, त्या हात मागे घेणाऱ्यांविषयी.

माझ्या ओळखीचे एक दूधवाले काका आहेत. मागे दोन मोठ्या कॅन, हँडलला दोन लहान, अशी त्यांची वर्षानुवर्षांची फेरी. एका हिवाळ्यात त्यांची उजवी करंगळी बधिर झाली. पुढे अनामिकाही अर्धी गेली. काकांनी कोणाला सांगितले नाही. घरात स्वतःचे ताट-तांब्या वेगळे केले, पंगतीला जाणे सोडले. विचारले तर शेतात काम आहे म्हणायचे. शेवटी एकदा मीच विचारले, “काका, दवाखान्यात का जात नाही तुम्ही?” तेव्हा इकडेतिकडे पाहून ते म्हणाले, “कोनाले सांगू, बाबू? डॉक्टरनं ‘ते’ नाव घेतलं तं माह्या लेकीची सोयरीक कोन करीन?”

‘ते’ नाव म्हणजे कुष्ठरोग. त्याची भीती विदर्भाच्या मातीत खोल आहे आणि त्या भीतीशी झुंज देणारी माणसेही याच मातीतली. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीला तपोवन उभारले आणि बाबा आमटे यांच्या महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ साली होऊन वरोऱ्याला आनंदवन उभे राहिले. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ सालापर्यंत लिहिलेले होते. तेव्हा काकांची भीती अगदीच खुळी होती, असे मी म्हणणार नाही.

अखेर काका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. सोबत मी होतो. डॉक्टरांनी काकांना डोळे मिटायला सांगितले आणि कापसाच्या वातीने स्पर्श करायला सुरुवात केली. करंगळीच्या तळव्याकडच्या बाजूला काकांना काही कळले नाही. मग हाताच्या पाठीवर, करंगळीच्या बाजूला, वात फिरवली; तिथे काका लगेच “हो” म्हणाले. कोपरामागचा मज्जातंतू चाचपला, तो जाड झालेला नव्हता. पाठ, दंड, मांड्या पाहिल्या. कुठे चट्टा नव्हता. डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे : हाताच्या पाठीला स्पर्श देणारी अल्नरची फांदी मनगटाच्या वरच वेगळी होते. मूठ दाबते ती तळहाताला, म्हणून सायकलवाल्याची हाताची पाठ शाबूत राहते. कुष्ठरोग पुष्कळदा हाच मज्जातंतू कोपराजवळ पकडतो. तेव्हा तळवा आणि पाठ दोन्हीकडचा स्पर्श जाऊ शकतो. एका कापसाच्या वातीने महिनोन्‌महिन्यांचे ओझे उतरले. हँडलच्या कॅन निघाल्या, मुठींना कापड आले आणि तीन-चार महिन्यांत काकांचा स्पर्श बराचसा परतला. ते पुन्हा पंगतीला बसू लागले.

पण समजा, ‘ते’ नाव निघाले असते तर? तरीही काकांचे गेलेले महिने वायाच गेले असते. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ साली नॉर्वेमध्ये शोधला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली एकाहून अधिक औषधांचा एकत्र उपचार सुचवला आणि हा रोग पूर्ण बरा होऊ लागला. रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उपचार सुरू झाला की रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका लवकरच नाहीसा होतो. उशीर झाला तर मात्र गेलेला स्पर्श परत येईलच असे नाही. बोटे वाकडी होतात ती रोगाला वेळेवर न अडवल्यामुळे. म्हणून अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल, तर ‘सायकलमुळे असेल’ अशी स्वतःची समजूत घालू नये. घाबरून लपवणे आणि निष्काळजीपणे सायकलवर ढकलणे, दोन्हींचा शेवट सारखाच.

बधिरपणाची आणखीही कारणे आहेत. दोन्ही पावले सारखीच, बोटांपासून वर मोज्यासारखी बधिर होत जात असतील तर साखर तपासावी. मधुमेहात असे होते. मांस-अंडी न खाणाऱ्या आणि दूधदुभतेही कमी असलेल्या माणसाच्या अंगात ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी मुंग्या येतात. ते रक्ताच्या तपासणीत कळते. मानेतून निघणारा मज्जातंतू दबला तर दुखणे मानेपासून हातात उतरते. आणि एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोबडी वळली, तर तो मेंदूचा झटका समजून एक मिनिटही न दवडता मोठ्या रुग्णालयात जावे.

थोडक्यात खूण अशी : सायकलवर बसल्यावर येतात आणि उतरल्यावर जातात, त्या मुंग्या बहुधा सायकलच्या. त्यांच्यासाठी सीट, हँडल, मूठ आणि पेडल पाहावे. सायकल नसतानाही राहतात, दोन आठवड्यांत जात नाहीत, हातातली ताकद कमी करतात किंवा चट्ट्याबरोबर येतात, त्यांच्यासाठी डॉक्टरांचे दार ठोठवावे.

आपल्या महाविद्यालयात सायकलीने येणारे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाच्या घरी सायकलवर पोट असलेले कोणी ना कोणी आहे. वडील असतील, मामा असतील, शेजारचे काका असतील. त्यांना सहज विचारावे, “मुंग्या येतात का? कोणत्या बोटाला?” प्रश्न साधा आहे आणि विचारायला पैसा लागत नाही. उत्तर मिळाले तर मिस्त्रींकडे किंवा डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत जावे. एकट्याला धीर होत नाही तिथे दुसरे माणूस बरोबर असले की होतो. आणि विचारल्यावर कोणी हात मागे घेतला, तर तो प्रश्न तिथेच सोडून देऊ नये.